आजारी मुलाला 'तुला काय हवंय?' विचारणं म्हणजे शेवटची इच्छा विचारणं नव्हे

गंभीर आजारी माणसाला 'तुझी इच्छा काय?' असं विचारलं की आपल्याकडे घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. कारण हा प्रश्न आपल्या डोक्यात ठरावीक जागीच बसलेला आहे. फाशीच्या कैद्याला विचारतात तो. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना विचारतात तो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा 'काय राहिलं असेल मनात' म्हणून सगळे एकमेकांकडे बघतात, तोही हाच. त्यामुळे कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाजवळ बसून कुणी स्वयंसेवक 'तुला सगळ्यात जास्त काय करावंसं वाटतं?' असं विचारते, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आईला वाटतं की डॉक्टरांनी आपल्यापासून काहीतरी लपवलंय.

लपवलेलं काहीच नसतं. गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करण्याचं काम जगभरात गेली चार दशकं सुरू आहे आणि आज त्यातली बरीच मुलं बरी होऊन मोठी होतात. मग इच्छा पूर्ण करायची कशासाठी? तिचा उपयोग नक्की काय? आणि सातारा-सांगलीसारख्या भागात, जिथं उपचारासाठीच घरदार सोडून जावं लागतं, तिथं या गोष्टीला काही अर्थ आहे का? समजून घेऊया.

सुरुवात एका पोलीस गणवेशापासून

१९८० साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहरात क्रिस ग्रीशियस नावाचा सात वर्षांचा मुलगा ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं आजारी होता. त्याला पोलीस व्हायचं होतं. त्याच्या घरच्यांच्या ओळखीचे टॉमी ऑस्टिन हे कस्टम्स खात्यात अधिकारी होते. त्यांनी राज्य पोलिसांशी बोलणं केलं. २९ एप्रिल १९८० ला क्रिसला हेलिकॉप्टरमधून पोलीस मुख्यालयात आणलं, त्याच्या मापाचा गणवेश शिवून दिला आणि त्याला मानद पोलीस केलं. ३ मे रोजी तो गेला.

त्याला भेटलेल्या पोलिसांपैकी एक होते फ्रँक शँकविट्झ. त्यांनी आणि काही सहकाऱ्यांनी मिळून त्याच वर्षी 'मेक-अ-विश' संस्था उभी केली. भारतात ती आली १९९६ मध्ये, मुंबईत. उदय आणि गीता जोशी यांच्या आजारी मुलाची इच्छा या संस्थेनं अमेरिकेत पूर्ण केली होती. त्या अनुभवातून या दांपत्यानं इथं काम सुरू केलं.

क्रिसच्या गोष्टीचा शेवट असा झाल्यामुळे 'इच्छा म्हणजे शेवटची' हा समज तिथंही बराच काळ चिकटून राहिला. पुढे संस्थेनं निकषच बदलला. मूल वाचणार नाही ही अट राहिली नाही. आजार जीवघेणा असू शकतो, एवढं पुरेसं ठरलं. या एका बदलानं सगळ्या कामाचा अर्थ बदलला. आता इच्छा पूर्ण करायची ती निरोप देताना नाही, उपचाराची मधली वाट चालताना.

पोलिसांचं वेड मात्र कायम आहे. मार्च २०१८ मध्ये मुंबईच्या मुलुंड पोलीस ठाण्यात कॅन्सर असलेला सात वर्षांचा मुलगा एका दिवसासाठी इन्स्पेक्टर झाला. त्यानंतर लगेच एप्रिलमध्ये हैदराबादजवळच्या राचकोंडा पोलीस आयुक्तालयात सहा वर्षांचा मुलगा आयुक्तांच्या खुर्चीत बसला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये १७ वर्षांची एक मुलगी. दोन्ही वेळा ती खुर्ची रिकामी करून देणारे आयुक्त होते महेश भागवत, मूळचे आपल्या नगर जिल्ह्यातले.

मुलांना पोलीसच का व्हायचं असतं? सिनेमाचा भाग आहेच. पण दवाखान्यात मूल कसं जगतं ते पाहिलं तर दुसरं कारणही दिसतं. सुई कधी टोचायची, सलाईन कधी लावायचं, मणक्यातून पाणी कधी काढायचं, केस कधी जाणार, शाळेत कधी जायचं, काय खायचं नाही, हे सगळं दुसरे ठरवतात. 'आज नको' म्हटलं तर कुणी ऐकत नाही, आणि ऐकूनही चालणार नसतं. अशा मुलाला एक दिवस 'साहेब, काय आदेश?' असं कुणी विचारलं तर त्याला काय वाटत असेल याची कल्पना करा.

मराठी प्रेक्षकांनी हे आधीच पाहिलंय

हा विचार परदेशी वाटत असेल तर 'श्वास' आठवा. संदीप सावंत यांचा २००४ सालचा हा सिनेमा माधवी घारपुरे यांच्या कथेवर बेतलेला आहे. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा तो मराठीतला दुसरा सिनेमा. कोकणातल्या परशुरामच्या डोळ्यात कॅन्सरची गाठ आहे. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यातून गायब होतात. डॉक्टर भडकतात, शोधाशोध होते. आजोबांनी त्याला नुसतं शहर दाखवायला नेलेलं असतं. दिसतंय तोवर दिसू दे, एवढाच हिशोब.

या गोष्टीत परशुराम मरत नाही. त्या आजाराची गाठ वेळेत काढली तर मूल जगतं. आजोबांनी दिलेला दिवस नजरेचा शेवटचा होता, आयुष्याचा नाही. आणि तो दिवस शस्त्रक्रियेच्या आड आला नाही. उलट ती सहन करण्याच्या तयारीचाच तो भाग होता. कुठलीही संस्था नाही, निधी नाही, फॉर्म नाही, तरी त्या म्हाताऱ्या माणसानं केलं ते हेच काम.

साताऱ्याहून परळपर्यंत

आता आपल्या भागाकडे येऊ. जत, आटपाडी, माण किंवा खटावमधल्या गावात एखाद्या मुलाचा ताप जात नाही, पोर पांढरंफटक पडतं, अंगावर निळसर डाग दिसतात. तालुक्याचे डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. रिपोर्ट बघून त्यांचा चेहरा बदलतो. तिथून पुढची वाट बहुतेकांची ठरलेली असते. सांगलीकडचे लोक आधी मिरज गाठतात. १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल सुरू झालं आणि त्याच्याभोवती दवाखान्यांचं अख्खं गाव वाढलंय, कॅन्सरचं रुग्णालयही आहे. साताऱ्याकडचे कराडला किंवा साताऱ्यात जातात. पण लहान मुलांच्या कॅन्सरचे खास डॉक्टर मुख्यतः पुण्या-मुंबईत. म्हणून पुष्कळ कुटुंबं शेवटी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून परळच्या टाटा हॉस्पिटलच्या दारात उभी राहतात.

मुलांमधला सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचा उपचार दोन ते तीन वर्षं चालतो. पहिले काही महिने जोराचे, मग 'मेंटेनन्स' म्हणजे घरी गोळ्या आणि ठरल्या तारखांना तपासण्या. तीन वर्षं म्हणजे द्राक्षबागेच्या तीन ऑक्टोबर छाटण्या, साखर कारखान्याचे तीन गळीत हंगाम. बाप कामावर नाही, आई मुलाजवळ, धाकटी बहीण आजीकडे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचाराचं कवच आता ५ लाखांपर्यंत आहे, रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे. पण बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही.

या तीन वर्षांतला सगळ्यात अवघड टप्पा कुठला? पहिला नाही. तेव्हा घाबरून का होईना सगळे पळत असतात. अवघड टप्पा मधला. मुलाचे केस परत आलेले असतात, ते अंगणात खेळायला लागलेलं असतं आणि घरात कुणीतरी म्हणतं, 'आता बरं झालंय की, कशाला परत मुंबई?' इथं उपचार सुटतो. सुटलेला आजार परत आला की मग फार थोडे रस्ते उरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. उशिरा निदान, औषधांचा तुटवडा आणि अर्धवट सोडलेले उपचार ही त्यातली मोठी कारणं.

खरंच फायदा होतो?

हसरे फोटो म्हणजे पुरावा नव्हे. पण या विषयावर अभ्यास झालेले आहेत.

इस्रायलमध्ये संशोधकांनी ५ ते १२ वर्षांच्या, कॅन्सर असलेल्या ६६ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाची इच्छा पूर्ण केली, दुसरा प्रतीक्षा यादीत राहिला. आधी आणि नंतर दोन्ही गटांतल्या मुलांची मानसिक स्थिती मोजली. ज्यांची इच्छा पूर्ण झाली त्या मुलांत चिंता आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली, आशा वाढली, रोजच्या जगण्याबद्दलची त्यांची उत्तरं सुधारली. २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. गट लहान आहे, पण पद्धत भक्कम आहे.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या बालरुग्णालयाचा. इच्छा पूर्ण झालेली ४९६ मुलं आणि तशाच आजाराची, वयाची पण इच्छा पूर्ण न झालेली ४९६ मुलं. दोन वर्षांच्या नोंदी तपासल्या तर पहिल्या गटातल्या मुलांना अचानक रुग्णालयात दाखल करावं लागण्याची शक्यता अडीच पटींनी कमी दिसली. आकडा मोठा आहे, बातम्याही मोठ्या झाल्या. पण हा अभ्यास जुन्या नोंदींवर आहे. ज्या कुटुंबाला इच्छेचा फॉर्म भरायला सवड आणि उभारी होती, ते कुटुंब औषधपाण्यातही जास्त काटेकोर असू शकतं. शिवाय ओहायोतला दवाखाना आणि मिरजेतला दवाखाना यांत फरक आहे. तेव्हा 'इच्छा पूर्ण करा, रोग पळेल' असा अर्थ कुणी काढू नये. इच्छेनं पेशी बऱ्या होत नाहीत. मूल मात्र थोडं सावरतं, आणि सावरलेलं मूल पुढच्या सुईला हात पुढे करतं. आईबापांनाही मधल्या काळात धरायला एक तारीख मिळते. 'दिवाळीनंतर जायचंय ना आपल्याला? मग तोवर गोळ्या चुकवायच्या नाहीत.'

त्या पैशात दुसऱ्याचा जीव वाचला असता?

या कामावरची सगळ्यात टोकदार टीका तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांची. नोव्हेंबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ल्युकेमियातून सावरणाऱ्या पाच वर्षांच्या मुलासाठी अख्खं शहर 'बॅटमॅन'च्या गावासारखं सजलं होतं. हजारो लोक रस्त्यावर आले. पुढच्याच महिन्यात सिंगर यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये लिहिलं की अशा एका इच्छेवर सरासरी साडेसात हजार डॉलर खर्च होतात आणि तेवढ्या पैशात मलेरियापासून किमान दोन-तीन मुलांचे जीव वाचवता येतात. आपण मनाला भिडेल तिथं देतो, गरज असेल तिथं नाही, हा त्यांचा मुद्दा.

मुद्दा टाळण्यासारखा नाही, आणि आपल्या भागात तर अजिबातच नाही. टाटा हॉस्पिटलमध्ये २००९ च्या सुमारास कॅन्सर झालेल्या साधारण पाचातल्या एका मुलाचे उपचार नाकारले जात किंवा अर्ध्यात सुटत. पुढच्या सात-आठ वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. कशामुळे? औषधांना पैसे, राहायला जागा, पोटाला अन्न, समुपदेशन आणि तारीख चुकली की घरी जाणारा फोन, यामुळे. २००६ पासून 'सेंट ज्यूड' संस्था बाहेरगावच्या अशा मुलांना आणि आईबापांना मुंबईत मोफत खोली देते. फुटपाथवर झोपून केमोथेरपी होत नाही, हे साधं सत्य त्यामागं आहे. साताऱ्यातल्या एखाद्या दानशूर माणसानं विचारलं की आधी कशाला देऊ, तर उत्तर खोली, जेवण आणि तपासण्या हेच आहे.

पण सिंगर यांच्या हिशोबात एक गोष्ट निसटते. त्यांनी धरलेला खर्च अमेरिकेतला आहे. आटपाडीच्या मुलीला सायकल हवी असेल तर तिची किंमत एका स्कॅनपेक्षा कमी असू शकते. भारतात मुलं मागतात त्या वस्तू बहुतेक अशाच असतात: सायकल, टीव्ही, मोबाईल, क्रिकेटचं किट. आणि कित्येक इच्छांना पैसेच लागत नाहीत, कुणाचा तरी एक दिवस लागतो.

इथल्या इच्छा इथल्याच असतात

डिस्नेलँड मनात असायला डिस्नेलँड माहीत असावं लागतं. आपल्याकडच्या मुलाला एसटीच्या ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं असू शकतं. कुस्तीच्या तालमीत लाल मातीला हात लावायचा असू शकतो. कासच्या पठारावरची फुलं बघायची असतील, वेण्णा लेकमध्ये नावेत बसायचं असेल, बैलगाडा शर्यतीतल्या बैलाला चारा घालायचा असेल. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, नावातच 'मिलिटरी' असलेलं. देशातली पहिली सैनिक शाळाही साताऱ्यातच, १९६१ ची. या जिल्ह्यातलं मूल 'मला फौजी व्हायचंय' म्हणालं तर त्याच्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. कुणाच्या तरी काकांचा गणवेश आणि एक सॅल्यूट पुरतो.

पण त्या इच्छेपर्यंत पोचणं सोपं नसतं. लहान मुलं घरातलं वातावरण ओळखतात. आईसमोर विचारलं तर 'पत्रे बदलायचेत' किंवा 'बाबांना गाडी' असं सांगतात. मोठी माणसं मुलाच्या तोंडून आपली गरज बोलून घेतात, तेही घडतं, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून अनुभवी स्वयंसेवक मुलाशी वेगळं बसून बोलतात, चित्रं काढायला देतात, तीन इच्छा विचारतात आणि घाई करत नाहीत. मुलांचं म्हणणं ऐकलं जावं आणि त्यांना खेळायला मिळावं, हे दोन्ही हक्क बालहक्क संहितेत आहेत. भारतानं १९९२ मध्ये ती मान्य केलीय.

तारीख ठरवतात डॉक्टर. केमोथेरपीनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. त्या दिवसांत तासगावच्या रथोत्सवाची गर्दी म्हणजे थेट जंतुसंसर्गाला आमंत्रण. शर्यतीची धूळ, उघड्यावरचं खाणं, कांजिण्या झालेलं एखादं भावंड, कुत्र्याचं पिल्लू भेट देणं, सगळं विचारूनच. बैल हवाच असेल तर गर्दीशिवाय, गोठ्यात, पेशी वर आल्यावर. इच्छा तीच राहते, आखणी बदलते.

आणखी दोन चुका टाळता येतात. एक, इच्छेची लाच करू नका. 'इंजेक्शन घेतलंस तर सायकल' म्हटलं की सायकल ही इंजेक्शनची मजुरी होते आणि नाही घेतलं तर शिक्षा. दोन, जमणार नसेल ते कबूल करू नका. अमुक हिरो भेटायला येणार असं सांगितलं आणि तो आला नाही, तर मूल पुन्हा काही मागत नाही.

फोटोचं काय? सातारा-सांगलीत फ्लेक्स लावायला फारसं कारण लागत नाही. मुलाच्या हातात सायकल, मागे आठ माणसं आणि खाली 'कॅन्सरग्रस्त बालकास मदत' अशी ओळ. हे मूल दोन वर्षांनी बरं होऊन त्याच गावातल्या शाळेत जाणार आहे. तेव्हा वर्गातली पोरं त्याला काय नावानं हाक मारतील, याचा विचार फ्लेक्स छापण्याआधी झालेला बरा.

हे कुणाकडे विचारायचं?

मुलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना विचारा. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो आणि संस्थांशी त्याचाच संपर्क असतो. 'मेक-अ-विश इंडिया' ३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी काम करते. नाव पालक, डॉक्टर किंवा मूल स्वतः सुचवू शकतं, पण आजार निकषात बसतो की नाही आणि मुलाला ते झेपेल की नाही हे डॉक्टर सांगतात. फक्त कॅन्सरच नाही, दर काही आठवड्यांनी रक्त घ्यावं लागणारी थॅलेसेमियाची मुलंही त्यात येऊ शकतात. पालकांकडून पैसे घेतले जात नाहीत. नोंदणी फी, कुरिअर किंवा 'प्रोसेसिंग'च्या नावाखाली कुणी फोनवर पैसे मागत असेल तर तो माणूस संस्थेचा नाही.

संस्था पोचण्याआधी गावातच काही करायचं ठरलं तर ते पहिल्या महिन्यात नको, तेव्हा घर गोंधळलेलं असतं. मेंटेनन्स सुरू झाल्यावर, पुढच्या तपासणीची तारीख बघून ठरवा. आणि त्या दिवशी आजीकडे राहिलेल्या धाकट्या बहिणीलाही सोबत न्या. तिला काय हवंय हे बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं.